सीझेडवाले

महाराष्ट्र मंडळात आडनावाला फारशी किंमत नसते. माणूस कशाचा 'वाला' आहे, त्यावर तिथे त्याची ओळख ठरते. ढोलवाले, नाटकवाले, उकडीचे मोदकवाले, 'पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवलाय'वाले. टेक्सासात डॅलसच्या आसपास, म्हणजे प्लेनो, फ्रिस्को, अर्व्हिंग या पट्ट्यात, या यादीत आणखी एका जातीची भर पडली आहे. ते म्हणजे सीझेडवाले.

सीझेड म्हणजे चेस्का झ्ब्रोयोव्का, झेक देशातला पिस्तुलं करणारा कारखाना. हे नाव सीझेडवाले एका दमात उच्चारतात आणि मग आपली जीभ अडखळते का ते बघत थांबतात. आपली अडखळतेच. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते पिस्तूल झाडूनही त्यांना मिळत नसावं.

या गृहस्थांकडे बघून ते शस्त्र बाळगत असतील असं कुणालाही वाटणार नाही. वय पंचावन्नच्या आतबाहेर, मूळ गाव सांगली. टेक्सासच्या उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, कारण ऑफिसात एसी असतो. पायात भारतातून आणलेल्या बाटाच्या चपला. बाथरूममध्ये झुरळ निघालं तर आधी वहिनींना हाक मारतात. मांसाहार नाही, शिकार नाही, शेजाऱ्याच्या कुत्र्याशीसुद्धा वैर नाही. शिक्षण मेकॅनिकलचं, पण पोट भरलं सॉफ्टवेअरवर. वडिलांकडे खरी जावा होती, ह्यांच्या वाट्याला कॉम्प्युटरमधली आली. तीस वर्षं ज्या माणसाने यंत्र म्हणून फक्त कीबोर्ड हाताळला, त्याच्या मनात लेथ, मिलिंग आणि पोलाद किती साठून राहिलं असेल याची कल्पना करा.

ती वडिलांची जावा हे या सगळ्याचं मूळ आहे, असं ते स्वतःच सांगतात. म्हैसूरला तयार होणारी, पण झेक आराखड्याची. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. किक मारून गाडी चालू झाली की तोच दांडा खाली वळवायचा आणि गिअर टाकायचा. "एका भागाकडून दोन कामं!" असं म्हणून सीझेडवाले दोन बोटं वर करतात. "अहो, ही अक्कल कुणाची? झेक लोकांची. बाटा कुठला? झ्लिनचा. आपल्या औरंगाबादेत स्कोडा आली, ती कुठली? आणि ब्रेन गन? ब्रेनमधला 'ब्र' म्हणजे ब्रनो. आपले जवान आयुष्यभर झेक बनावटीची गन चालवत आले आणि श्रेय इंग्रजांना देत आले." श्रेय हा शब्द आला की आवाज थोडा चढतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहिल्याची वर्षं सीझेडवाल्यांनी पुस्तकं वाचण्यात घालवली. बाकीचे लोक कार्ड आल्यावर घर बघायला जातात, नोकरी बदलतात, आईवडिलांना बोलावून घेतात. हे दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन सरकारी फॉर्म भरायला बसले. त्या फॉर्मात 'तुम्ही कायद्यापासून पळून गेलेले फरारी आहात का?' असा प्रश्न असतो. आपल्या माणसाने तो तीनदा वाचला. सांगली अर्बनच्या कर्जफॉर्मावरही इतका सरळ प्रश्न कुणी विचारला नव्हता म्हणाले.

पुढे त्यांना कळलं की इथे पन्नास वर्षांहून जुनी शस्त्रं जमवणाऱ्यांसाठी वेगळा परवाना मिळतो. फी तीस डॉलर, मुदत तीन वर्षं. कुठलं शस्त्र कधी आलं, कुणाकडून आलं, कुणाला दिलं, याची बांधीव वही मात्र ठेवावी लागते. परवान्यापेक्षा वहीचंच त्यांना जास्त आकर्षण वाटलं. आजोबा सोसायटीचे खजिनदार होते, ते रक्तात उतरलेलं. लाल पट्टीची वही भारतातून मागवली, समास आखला, आणि पहिल्या पानावर 'श्री' लिहून खाली झेक पिस्तुलाचा नंबर टाकला. एखाद्या सरकारी तपासनिसाने ती वही उघडलीच, तर तो 'श्री' कुठल्या रकान्यात धरेल हा प्रश्नच आहे.

आता पिस्तुलं. ती दाखवण्याची एक पद्धत ठरलेली आहे आणि तिच्यातून पाहुण्याची सुटका नाही. गणपतीची आरती झाली, प्रसाद झाला, की सीझेडवाले पुरुषमंडळींकडे एक नजर टाकतात. ज्यांना अनुभव आहे ते लगेच मुलांना आणायला निघतात. नवखे सापडतात. त्यांना गराजच्या मागच्या खोलीत नेलं जातं. तिथे फ्रिजहून मोठी तिजोरी आहे.

ही तिजोरी घरात आली त्यामागे एक तह आहे. वहिनींनी पिस्तुलांना मुळीच संमती दिली नव्हती. पण तिजोरी आल्यावर त्यांनी वरचा कप्पा मागून घेतला आणि बँकेतला लॉकर बंद केला. आता वर वहिनींच्या पाटल्या, पासपोर्ट, चांदीचा गणपती; खाली चेकोस्लोव्हाकिया. भांडण एवढंच की पाटल्या काढायला वहिनी दार उघडतात आणि मिटवायला विसरतात, त्यामुळे आत दमट हवा शिरते. सीझेडवाल्यांनी आत आर्द्रता मोजायचं यंत्र लावलं आहे. लग्नसराईच्या दिवसांत ते यंत्र बघून त्यांची झोप उडते.

पिस्तूल हातात घेतलं की आधी मॅगझिन बाहेर. मग स्लाइड मागे ओढून नळीच्या तोंडात बोट घालून बघायचं, आपल्याला दाखवायचं, आणि 'रिकामं आहे' हे आपल्याच तोंडून वदवून घ्यायचं. इथपर्यंत मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. इतकी खात्री ते गॅसचा नॉब बंद करतानाही करत नाहीत.

मग सीझेड 75. हे दैवत. डाव्या बाजूला मागच्या टोकाशी स्लाइडवर एक बारीक रेघ असते आणि फ्रेमवर दुसरी. स्लाइड किंचित मागे घेऊन दोन्ही रेघा एका ओळीत आणायच्या, उजवीकडून स्लाइड-स्टॉपची पिन दाबायची, की अख्खं पिस्तूल हातात सुटं होतं. सीझेडवाले हे करताना श्वास रोखून धरतात. पिन मऊपणे निघाली की "बघितलंत?" असं हलकेच म्हणतात. आपण काय बघायचं ते कळत नाही. मग ते स्लाइड उलटी करून दाखवतात. बहुतेक पिस्तुलांत स्लाइड फ्रेमवर बाहेरून बसते, ह्यात ती फ्रेमच्या आतून धावते. त्यामुळे खेळ कमी, नळी हाताच्या जवळ, नेम पक्का. पण आत बसल्यामुळे स्लाइडचा बोटांत धरण्याजोगा भाग अगदी अरुंद उरतो. नुकताच शिरा खाल्लेल्या माणसाच्या हातून ती सटकते. म्हणून खोलीत शिरण्याआधी साबणाने हात धुवायची सक्ती आहे, आणि टॉवेल वेगळा आहे.

मी एकदा म्हटलं, "पण स्लाइड आतून बसवायची ही युक्ती त्या आधीच्या स्विस पी 210 मध्येही होती ना?"

सीझेडवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "होती," ते म्हणाले. "पण त्यांनी ती श्रीमंतांसाठी केली."

आणि मग ती गोष्ट येते, जिच्यासाठी खरं तर आपल्याला आत आणलेलं असतं. फ्रांतिशेक कोउत्स्की आणि त्याचा भाऊ योसेफ. दोघं बंदुकांचे आराखडे करण्यात आयुष्य घालवलेले. फ्रांतिशेक निवृत्त झाला आणि त्यानंतर उहेर्स्की ब्रोदच्या कारखान्याने त्याला बोलावून सांगितलं, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल कर, पाहिजे तसं कर. "पेन्शनर माणूस हो!" सीझेडवाले मांडीवर थाप मारतात. "आपल्याकडे पेन्शनरला काय सांगतात? दूध आणा." 1975 साली पिस्तूल तयार झालं. मॅगझिनमध्ये पंधरा गोळ्या, पहिला चाप ओढला की घोडा आपोआप उठतो, हवं तर आधीच उठवून खटका लावून ठेवता येतो, मूठ अशी की हात आपोआप बसतो. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या फौजेत हे काडतूस चालत नव्हतं. ती सोव्हिएत गटातली काडतुसं वापरायची. पिस्तूल केलं ते परदेशात विकायला.

"आणि पेटंट?" आपण विचारायचं असतं. नाही विचारलं तर ते थांबतात.

"पेटंट घेतलं. पण गुप्त!" इथे ते आवाज खाली आणतात. "गुप्त पेटंट म्हणजे देशात कुणाला कळू द्यायचं नाही आणि देशाबाहेर नोंदवायचं नाही. झालं. इटलीतल्या तान्फोलिओने काढलं. स्वित्झर्लंडच्या स्फिंक्सने काढलं. इस्रायलने जेरिको काढलं. चीनच्या नॉरिंकोने काढलं. तुर्कस्तानात काढलं. इथे अमेरिकेत त्याच्यावरून ब्रेन टेन काढलं, ते टीव्हीवर 'मायामी व्हाइस'च्या हिरोच्या हातात गेलं. ती कंपनी तर कित्येक गिऱ्हाइकांना मॅगझिनशिवाय पिस्तूल द्यायची, मग बुडाली. पण नाव झालं! आणि ज्याने केलं तो?" हात छताकडे जातो. "तो राहिला मोराव्हियात."

डोळे खरोखर पाणावलेले असतात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, हा माणूस झेकांबद्दल बोलतच नाहीये. काम उत्तम, बोलणं कमी, जाहिरात शून्य; आराखडा आपला आणि मीटिंगमध्ये पडद्यावर दाखवला दुसऱ्याने, बढतीही त्यालाच. गराजमधल्या त्या खोलीत मराठी माणसाला स्वतःचं चरित्र पोलादात घडवलेलं सापडलं आहे. ते पिस्तूल अमेरिकेच्या मालकीचं असतं, भरपूर गाजलेलं असतं, तर ह्यांनी ढुंकूनही बघितलं नसतं. ग्लॉकचं नाव काढून बघा. "ते टमरेल?" एवढंच उत्तर मिळतं.

सीझेड 75 दैवत असलं तरी खरा लळा वझोर 52 वर. 1952 ते 54 च्या काळात स्त्राकोनित्सेत झालेलं, क्रातोख्वील बंधूंच्या आराखड्याचं लष्करी पिस्तूल. इथेही भाऊ-भाऊच. (झेक देशात भावाभावांत वाटणीचे दावे होत नसावेत, पिस्तुलं होतात.) हे जुन्या साठ्यातून अमेरिकेत आलं तेव्हा शंभर-सव्वाशे डॉलरला मिळायचं, हे सांगताना सीझेडवाल्यांच्या गळ्यात हुंदका दाटतो, कारण तेव्हा ते व्हिसावर होते. आत दोन रोलर, त्यांच्या अडकण्याने नळी बंद होते. या ताकदीच्या पिस्तुलात सहसा न आढळणारी रचना. आवाज आणि जाळ इतका की रेंजवर शेजारच्या खोबणीतला दाढीवाला टेक्सन डोकं बाहेर काढून बघतो. पण स्वभाव नाजूक. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढला तर फायरिंग पिन मोडू शकते. उठलेला घोडा उतरवायचा खटका दिलेला आहे, पण जाणकार त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. म्हणजे दोन मुख्य गोष्टी करायच्या नाहीत आणि तिसरी केली की कान बसतात. तरी हे त्यांचं सर्वांत लाडकं. घराघरांत अवघड पोराचे लाड जास्त होतात तसलाच हा प्रकार असावा.

या वझोर 52 पायी एकदा घर पेटायची वेळ आली होती, म्हणजे वहिनी पेटल्या होत्या. जुन्या लष्करी साठ्यातल्या अनेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये क्षार असतात. झाडल्यावर ते नळीत बसतात, हवेतलं पाणी ओढतात आणि नळी गंजते. तेलाने ते जात नाहीत. गरम पाणीच लागतं. सीझेडवाल्यांनी रेंजवरून येऊन पाणी उकळलं ते चहाच्या पातेल्यात. वहिनींनी त्यात आलं घातलं, आणि मग विचारलं की ही नळी कसली. पुढचे सहा महिने पातेल्यावर मार्करने 'चहा' असं लिहिलेलं होतं. अजूनही घरात चहा आला की सीझेडवाले आधी वास घेतात.

गन शोमध्ये त्यांना बघणं हा वेगळाच आनंद. भलंमोठं सभागृह, टेबलांच्या रांगा, काऊबॉय हॅट, आणि मधून हा स्वेटरवाला माणूस डब्यात उपमा घेऊन फिरतो आहे. खिशात भिंग. दुकानदार काहीतरी झगझगीत पुढे करतो, ह्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या खरचटलेल्या पिस्तुलावर. भिंगातून शिक्का वाचतात. 'आरआयडी' अशी लहान अक्षरं, बाजूला साल, जवळ वर्तुळात तलवारींची खूण. स्त्राकोनित्सेचा माल. मग स्लाइडचा नंबर, फ्रेमचा नंबर, नळीचा नंबर तपासतात. एखाद्या मामाने मुलीची पत्रिका जुळवावी तसं तोंडाने पुटपुटत. सगळे जुळले की चेहऱ्यावर काही न दाखवता भाव पाडायला सुरुवात. मूठ तडकली आहे, रंग उडाला आहे, होल्स्टरला वास येतो. टेक्सन माणूस प्रामाणिक असतो, तो 'हो, येतो खरा' म्हणतो आणि दहा डॉलर कमी करतो. तुळशीबागेत इतकी सोपी शिकार मिळत नाही.

खंडेनवमीला शस्त्रपूजा. झेंडू कुंडीतलाच, आपट्याची पानं मात्र इंडियन स्टोअरमधून. अडचण हळदकुंकवाची. ओलं गंध पोलादाला लागलं तर डाग पडतो, कुंकवाचे कण स्लाइडच्या खाचेत शिरतात. म्हणून प्रत्येक पिस्तूल चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि कुंकू पिशवीवर. भटजी झूमवर असतात. ते 'आयुधांना गंधाक्षता' म्हणाले की सीझेडवाले सात पिशव्यांना टिळे लावतात. वहिनी मिक्सरची पूजा करतात. तो पिशवीत नसतो.

दर दोन वर्षांनी भारतात जाणं होतं. तिथे दुखरी जागा म्हणजे त्यांचा साताऱ्याचा चुलतभाऊ. त्याच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं बत्तीस बोअरचं वझोर 27 आहे. ते लढाईच्या काळातलं आहे, जर्मनांनी कारखाना ताब्यात घेतला तेव्हाचं की आधीचं, हे बघण्यासाठी सीझेडवाले भिंग घेऊन गेले. भाऊ म्हणाला, "बघायला मिळणार नाही. निवडणूक आहे, पोलीस ठाण्यात जमा आहे." पुढच्या वेळी गेले तेव्हा झेडपीची होती. त्याच्या पुढच्या वेळी नूतनीकरणाचे कागद अडकले होते. पण खरा घाव किमतीचा. भारतात 1980च्या दशकात परदेशी शस्त्रं खाजगी माणसाने आणण्यावर बंधनं आली, नऊ मिलिमीटरला परवाना नाहीच, त्यामुळे आधीपासून देशात असलेलं जुनं बत्तीसचं परदेशी पिस्तूल लाखांच्या भावात जातं. टेक्सासात तेच ह्यांनी काहीशे डॉलरला घेतलेलं. त्या रात्री साताऱ्यात सीझेडवाले अंथरुणावर पडून गुणाकार करत होते. आणता येत नाही, विकता येत नाही, पण गुणाकारावर कुठल्या सरकारची बंदी आहे?

युरोपची सहल झाली तेव्हा मंडळातले सगळे प्रागला पुलावर फोटो काढत होते. ह्यांनी कुटुंबाला स्त्राकोनित्सेला नेलं. पिस्तुलं, मोटारसायकली आणि तुर्की टोप्या एकाच गावात होत, असं त्यांनी वाटेत सांगितलं, तेव्हा मुलीला ते खोटं वाटलं. खरं निघालं. तिथून सगळा देश आडवा कापून उहेर्स्की ब्रोद. कारखाना बाहेरूनच बघितला. वहिनींना तिथलं कोमेन्स्की या शिक्षणतज्ज्ञाचं संग्रहालय आवडलं. त्या निवृत्त शिक्षिका. नवऱ्याच्या छंदातून आपल्याला काहीतरी मिळालं, असं त्या अजून म्हणतात.

2021 साली सीझेडच्या मालकांनी अमेरिकेतली कोल्ट कंपनी विकत घेतली. कोल्ट म्हणजे इथलं घराणं, काऊबॉय सिनेमांतलं. सीझेडवाल्यांनी मंडळात पेढे वाटले. मुलीला कुठे ॲडमिशन मिळाली असं समजून लोकांनी खाल्ले. "झेकांनी अमेरिका घेतली!" ते सांगत होते. पण त्यानंतर काहीतरी बिघडलं. रेंजवर दोन गुजराती तरुण सीझेड घेऊन दिसले. मग मंडळाच्या सेक्रेटरीने घेतलं, तेही नवं, कोऱ्या डब्यातलं, आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. खाली एकशे चार लाइक. जुन्या वझोर 52 चे भाव चढले. ह्यांना आनंद व्हायला हवा होता, कारण ह्यांच्याकडे ती आहेत. पण सीझेडवाले गप्प झाले. गणपतीत कुणाला आत नेईनात. एका नवख्याने स्वतःहून विचारलं तर "अहो, आता सगळ्यांकडेच असतं," म्हणाले.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो तर टेबलावर एक वेगळंच पिस्तूल. हंगेरीचं. बुडापेस्टच्या एफइजी कारखान्याचं. सीझेडवाल्यांच्या डोळ्यांत जुनी चमक. मॅगझिन काढलं, स्लाइड ओढली, 'रिकामं आहे' माझ्याकडून वदवून घेतलं. "कुणाला माहीतच नाहीत हो हे लोक," म्हणाले. "काय काम आहे बघा."

मी हातात घेऊन बघितलं. "हे हुबेहूब ब्राउनिंग हाय-पॉवर दिसतंय. नक्कल ना?"

त्यांनी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, परत लावला.

"नक्कल इटालियनांनी केली," ते म्हणाले. "हंगेरियनांनी अभ्यास केला."